लुथरन चर्चच्या रविवारच्या उपासनेला पहिल्यांदा जाताय? हे वाचून जा

चर्चमध्ये नुसतं जाऊन बसलं तर चालतं का, असं जर्मनीत शिकायला किंवा आयटीत नोकरीला आलेली आपली मुलं-मुली मला सारखं विचारतात. चालतं. दार उघडं असतं, नाव कुणी विचारत नाही, बाप्तिस्मा झालाय का हेही विचारत नाहीत, तिकीट नसतं. पण त्याच्या मागोमाग जे येतं ना, की "तिथे नक्की काय चाललंय तेच कळत नाही, सगळे उठले की आपण उठायचं आणि बसले की बसायचं", त्याचं उत्तर दोन ओळीत होत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी नगरकडच्या मराठी मंडळीत वाढलेली, आमची उपासना अमेरिकन मिशनच्या वळणाची, आणि इथे सॅक्सनीत लुथरन चर्चच्या कॉयरमध्ये गाते, त्यामुळे दोन्हीकडचं आतून बघितलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकीचं पाठ करायची फारशी गरज पडत नाही. ५ ऑक्टोबर १५४४ ला लायप्झिगच्या ईशान्येला टोरगाऊ नावाच्या गावी, तिथल्या राजवाड्यातल्या नव्या चॅपेलच्या अर्पणविधीला मार्टिन ल्यूथरने, म्हणजे ज्याच्यावरून लुथरन हे नाव पडलं त्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाने, उपदेश केला आणि त्यात सांगितलं की या घरात दुसरं काही होऊ नये, आपला प्रभू त्याच्या वचनातून आपल्याशी बोलेल आणि आपण प्रार्थनेतून, स्तुतीतून त्याला उत्तर देऊ. एवढंच. लुथरन उपासनेचं सगळं शास्त्र यात आलं असं मला मनापासून वाटतं. देव आधी बोलतो, आधी देतो, आणि माणूस ते घेऊन उत्तर देतो. म्हणून उपासनेत कुठेही गोंधळलात की स्वतःला विचारा, आत्ता बोलणं कुणाकडून कुणाकडे चाललंय? बऱ्याच चर्चमध्ये हे डोळ्यांनी पण दिसतं. पाळक (चर्चचे पास्टर) वेदीकडे तोंड करून उभे असतील तर ते आपल्या सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतायत, आपल्याकडे वळले की देवाचं वचन आपल्याला सांगतायत.

हे एवढं महत्त्वाचं का, तर ल्यूथरच्या आधी मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चची उपासना, उलट्या दिशेने समजला जायचा. याजक देवाला यज्ञ अर्पण करतोय, जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी, आणि त्यासाठी लोक पैसे देऊन मिस्सा लावायचे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी काढलेले शब्द, याजक लॅटिनमध्ये आणि तेही पुटपुटत म्हणायचा, लोकांना ऐकूच जायचे नाहीत. ल्यूथरने १५२३ मध्ये लॅटिन मिस्साची सुधारलेली पद्धत लिहिली तेव्हा त्यातल्या यज्ञाच्या प्रार्थना काढून टाकल्या, आणि १५२६ ला जर्मन मिस्सा छापला तेव्हा तेच शब्द मोठ्याने, गाऊन म्हणायला लावले, आणि ते सुद्धा शुभवर्तमान (बायबलमधला ख्रिस्ताच्या चरित्राचा भाग) ज्या सुरात गातात त्याच सुरात. का, तर ल्यूथरच्या लेखी हे शब्दच शुभवर्तमान आहेत, लोकांना दिलेलं वचन आहे, ते लपवून कसं चालेल! या कामात त्याच्या सोबतीला योहान वाल्टर आणि कोनराड रुप्श असे दोन संगीतकार होते. वाल्टरने नंतर लिहून ठेवलंय की पत्रांच्या वाचनाला आठवा सूर द्या कारण पौल गंभीर प्रेषित आहे, आणि शुभवर्तमानाला सहावा द्या कारण ख्रिस्त प्रेमळ प्रभू आहे, असं ल्यूथरने स्वतः ठरवलं होतं. धर्मशास्त्राचा डॉक्टर माणूस कुठल्या वाचनाला कुठला सूर शोभेल यावर एवढा विचार करतो हे मला फार भावतं.

आणि एक लक्षात घ्या, त्याने सगळं मोडून टाकलं नाही. १५२१ च्या नाताळात तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना इकडे विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाटने साध्या कपड्यात प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दिलं, लोकांच्या हातात द्राक्षारसाचा प्याला दिला, पुढे मूर्ती काढून टाकायची गडबड सुरू झाली, गावात गोंधळ माजला. ल्यूथर मार्च १५२२ मध्ये परत आला आणि लागोपाठ आठ दिवस उपदेश करून म्हणाला की बदल बरोबर असतील पण दुबळ्या भावाला फरफटत नेऊ नका, आधी वचन शिकवा. त्यामुळेच आज तुम्ही लुथरन चर्चमध्ये गेलात तर ते बरंचसं कॅथलिक मिस्सासारखं दिसतं, वेदी आहे, मेणबत्त्या आहेत, क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती पण आहे, आणि गोव्या-वसईकडून आलेल्यांना तर अर्धा क्रम ओळखीचा वाटतो.

जायच्या आधी

गुगल मॅपवर नुसतं "इव्हांजेलिश" (जर्मनमध्ये प्रोटेस्टंट) बघून लुथरन समजू नका. म्युनिक (बायर्न), हॅम्बुर्ग, हॅनोव्हर, लायप्झिग-ड्रेस्डेन इथली प्रोटेस्टंट चर्चेस लुथरन आहेत. बर्लिन आणि फ्रँकफर्टकडे संयुक्त चर्च आहे, म्हणजे लुथरन आणि रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांचीच दुसरी शाखा) एकत्र. स्टुटगार्टकडचं चर्च लुथरनच, पण तिथली रविवारची उपासना एकदम साधी असते, गाणं-वचन-उपदेश-प्रार्थना, पाळकाने गाऊन म्हणायचं वगैरे काही नाही, तेव्हा खाली मी जो क्रम सांगतेय तो तिथे पूर्ण सापडणार नाही. वेळ बहुतेक साडेनऊ किंवा दहा, पण लहान गावांत एकच पाळक तीन-चार चर्चेस बघतात त्यामुळे दर रविवारी प्रत्येक ठिकाणी उपासना असेलच असं नाही, चर्चच्या दाराबाहेरच्या फलकावर किंवा वेबसाइटवर बघून जा. कपडे साधे नीटनेटके चालतात, आपल्याकडे रविवारी जसं नटून जातात तसं इथे नाही.

चर्चच्या टॅक्सची भीती बऱ्याच जणांना असते. तो इन्कम टॅक्सच्या ८ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये) किंवा ९ टक्के (बाकी सगळीकडे) असतो आणि तो चर्चच्या सभासदांना लागतो. पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात काय लिहिता त्यावरून कापला जातो, उपासनेला जाऊन बसण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आत गेल्यावर

दाराशी गीतपुस्तक घ्या. १९९३ पासून आलेलं हे पुस्तक आहे, त्यातली १ ते ५३५ ही गीतं सगळ्या राज्यांत सारखी आणि पुढची त्या-त्या भागाची. भिंतीवर लाकडी फलक असतो त्यावर आकडे लावलेले असतात, मोठा आकडा म्हणजे गीताचा नंबर आणि त्याच्या बाजूचे छोटे आकडे म्हणजे कडवी. फलक वाचता आला की अर्धं काम झालं, कारण पुढच्या गीताची घोषणा बरेचदा होत नाही, ऑर्गन वाजायला लागतो आणि सगळे गायला लागतात. ऑर्गनवाला आधी चाल थोडी वाजवून दाखवतो, तेवढ्या वेळात पान काढायचं. मतांगीकार (विश्वासाची सगळ्यांनी मिळून म्हणायची कबुली), प्रभूची प्रार्थना हे सगळं पुस्तकात मागच्या बाजूला छापलेलं असतं, तिथे एक कागद खुणेला घालून ठेवा.

मागच्या बाकावर बसायचा मोह होतो पण अगदी मागे बसलात तर कुणाचं बघून उठायचं? मध्यावर बसा, पुढे चार-पाच म्हाताऱ्या आज्या असतील अशा ठिकाणी, त्यांचं कधी चुकत नाही.

वेदीवरच्या आणि उपदेशपीठावरच्या कापडाचा रंग बघा. जांभळा म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) किंवा लेंट (ईस्टरच्या आधीचा उपासकाळ), पांढरा नाताळ आणि ईस्टर, लाल पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि ३१ ऑक्टोबरचा रिफॉर्मेशन डे, बाकीचे साधे रविवार हिरवा. गुड फ्रायडेला काळा असतो किंवा काहीच घालत नाहीत. पाळक काळ्या झग्यात आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या अशा वेशात असतात, ही काही ल्यूथरची आज्ञा नाही हं, प्रशियाच्या राजाने १८११ मध्ये हा वेश ठरवून दिला आणि तो रुजला. स्वीडनमध्ये जा, तिथले लुथरन पाळक अजून रंगीत मिस्साचे झगे घालतात.

क्रम कसा असतो

घंटा, मग ऑर्गन, मग पाळक पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने सुरुवात करतात. हे नाव तुमच्यावर बाप्तिस्म्यात घेतलेलं आहे, त्याची आठवण म्हणून सुरुवात तिथूनच. काही ठिकाणी लगेच पापांगीकार आणि क्षमेची घोषणा होते. घोषणा असते हे नीट ऐका, आपण क्षमा मागतो आणि पाळक देवाच्या वतीने ती मिळाली असं सांगतात. मग स्तोत्र, मग "क्युरिए", म्हणजे प्रभू दया कर. जुन्या मिस्सात हे नऊ वेळा होतं, ल्यूथरने जर्मन मिस्सात तीनवर आणलं. मग देवदूतांचं स्तुतिगान, जे आगमनकाळात आणि लेंटमध्ये गाळतात, तेव्हा फलकावर सापडलं नाही म्हणून घाबरू नका.

मग वाचनं. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात, कारण इथे ख्रिस्त बोलतोय. त्यानंतर उभ्यानेच मतांगीकार. बघा, वचन मिळालं आणि लगेच त्याचं उत्तर, टोरगाऊचं तेच चालू आहे.

आता गाण्याबद्दल. मला विचाराल तर लुथरन उपासनेचा जीव इथे आहे. ल्यूथरच्या आधी लोक अजिबात गायचे नाहीत असं नाही, सणावारी थोडी जर्मन गाणी असायची, पण मिस्साचं गाणं हे याजकांचं आणि कॉयरचं काम होतं. ल्यूथरने ते मंडळीच्या तोंडी दिलं. १५२४ ला न्यूरेंबर्गमध्ये पहिलं लुथरन गीतपुस्तक निघालं, फक्त आठ गीतं, त्यातली चार त्याची स्वतःची, आणि पुढे त्याने तीसहून जास्त गीतं लिहिली. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सुद्धा आठ कडवी पाठ झाली की विश्वासाचं अख्खं शिक्षण त्याच्या तोंडात आलं, म्हणून इथे गीतं लांब असतात आणि एका गीतात पूर्ण गोष्ट सांगितलेली असते, पाप, तारण, मरण, पुनरुत्थान सगळं. मधलंच कडवं सोडून गायलं की गोष्ट तुटते, म्हणून फलकावर कडव्यांचे आकडे नीट बघायचे. आवाज चांगला नाही म्हणून गप्प बसू नका. तुमचं गाणं हे तुमचं उत्तर आहे, कॉयर तुमच्या वतीने ते देऊ शकत नाही. मी कॉयरमध्ये गाते तरी हे सांगते, किंवा म्हणूनच सांगते. जर्मन येत नसेल तर शब्द बघून हळू आवाजात चालीबरोबर जा, चाली सोप्या आणि एका सुराला एक अक्षर अशा असतात, तिसऱ्या कडव्यापर्यंत जमतं.

बाखचं नाव संगीतवाल्यांना माहीत असतंच. १७२३ ते १७५० तो लायप्झिगला थोमासकिर्श या चर्चचा संगीतप्रमुख होता आणि त्याचे कांटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) हे मैफिलीसाठी लिहिलेले नाहीत, रविवारच्या उपासनेत शुभवर्तमानाच्या वाचनानंतर, उपदेशाच्या आधी ते व्हायचे, त्या दिवसाच्या वाचनावरच लिहिलेले. म्हणजे तो संगीतातला उपदेशच होता. तेव्हाची उपासना सकाळी ७ ला सुरू होऊन तीन-चार तास चालायची आणि एकटा उपदेश तासाभराचा असायचा. आज सगळं मिळून तास-सव्वा तासात आटपतं. थोमासकिर्शमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ६ ला आणि शनिवारी दुपारी ३ ला गायनाची उपासना असते, भाषा येत नसेल तर सुरुवात तिथून करा असं मी सांगेन, मात्र मुलांच्या कॉयरची सुट्टी कधी आहे ते आधी बघा.

उपदेश बसून ऐकायचा, पंधरा-वीस मिनिटं. कुठल्या रविवारी कुठल्या वचनावर बोलायचं हे सहा वर्षांच्या चक्रात ठरलेलं असतं, त्यामुळे आदल्या रात्री इंटरनेटवर शोधून मराठी बायबलमध्ये ते वाचून गेलात तर जर्मन कच्चं असलं तरी धागा सापडतो. मग दानाची पिशवी फिरते, ऐच्छिक आहे, एक-दोन युरो टाकले तरी कुणी बघत नाही. मग मध्यस्थीची प्रार्थना, त्यात गावात त्या आठवड्यात वारलेल्यांची नावं घेतात. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की बऱ्याच ठिकाणी वर घंटा वाजते, चर्चला येऊ न शकलेल्या आजारी माणसाने घरी बसून सोबत म्हणावी म्हणून. प्रार्थना तुम्ही मराठीत म्हणा, बिनधास्त.

प्रभुभोजन

हे दर रविवारी असेलच असं नाही, महिन्यातून एक-दोनदा असतं बऱ्याच ठिकाणी. इथे थोडं शास्त्र समजून घ्यायलाच हवं. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. झ्विंग्लीचं म्हणणं भाकर ही ख्रिस्ताच्या शरीराची खूण आहे, आठवण आहे. ल्यूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि त्या शब्दांवरून तो हलला नाही. लुथरन मानतात की भाकर भाकरच राहते, द्राक्षारस द्राक्षारसच, आणि तरी त्यात, त्याच्यासोबत, त्याच्याखाली ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर दिलं जातं. कसं, याचं तत्त्वज्ञान मांडायच्या भानगडीत ते पडत नाहीत, त्याने वचन दिलंय एवढं पुरे. आमच्या नगरकडच्या मंडळीत यावर आठवणीचाच भर ऐकत मी मोठी झाले, आणि इथलं समजून घ्यायला मला वेळ लागला, पण आता पाळक हातात भाकर देताना "तुझ्यासाठी दिलेलं" म्हणतात तेव्हा ते "तुझ्यासाठी" मला आतपर्यंत पोचतं. ल्यूथरने लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे शिकवणुकीच्या त्याच्या छोट्या पुस्तकात, नेमकं याच शब्दावर बोट ठेवलंय, की "तुमच्यासाठी" यावर जो विश्वास ठेवतो तोच खरा तयार झालेला, उपास वगैरे ही बाहेरची चांगली शिस्त.

प्रत्यक्षात काय करायचं, तर लोक वेदीभोवती अर्धगोल करून उभे राहतात. ओंजळ पुढे करा, पातळ पांढरी चकती मिळते. मग प्याला येतो, त्यातून घोट घ्या, किंवा चकती खायची नाही आणि तीच प्याल्यात बुडवून घ्यायची, आजूबाजूचे काय करतात ते बघा. द्राक्षारस आहे की नुसता द्राक्षांचा ज्यूस ते आधी सांगतात, दारू चालत नसेल तर विचारून घ्या. "आमेन" म्हणा. गोल पूर्ण झाला की पाळक एक वचन बोलतात, मग सगळे एकदम परत जातात, आपलं झालं म्हणून मधेच निघू नका.

बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही चर्चच्या माणसाला इथे बहुतेक बोलावतात. बाप्तिस्मा नसेल तर बाकावर बसून राहा, त्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्या हिंदू मित्रमंडळींना हे खास सांगते, कारण प्रसाद नाकारणं आपल्याकडे वाईट दिसतं म्हणून ते भिडेने उठतात. हे प्रसादासारखं सगळ्यांना वाटायचं नाही, ज्याने तो विश्वास पत्करलाय त्याच्यासाठीचं आहे, आणि तुम्ही न घेतल्याने यजमानांचा अपमान होत नाही. काही ठिकाणी हात छातीवर घेऊन पुढे गेलं तर आशीर्वाद देतात. अमेरिकेत असाल तर मात्र मिसुरी सिनॉड नावाच्या गटाच्या लुथरन चर्चमध्ये आधी पाळकांशी बोला, तिथे शिकवणुकीत एकमत असलेल्यांनाच देतात, इतर चर्चच्या ख्रिस्ती माणसाला सुद्धा थांबायला सांगू शकतात. त्यांचे पूर्वज १८३८-३९ मध्ये सॅक्सनीतून निघाले तेच मुळी लुथरन शिकवण पातळ होतेय या काळजीने, तेव्हा तो कडकपणा कुठून आलाय हे समजून घ्या.

शेवटी आशीर्वाद, उभ्याने. बायबलमधल्या गणना ६ मधला, अहरोनाला शिकवलेला, परमेश्वराने तुला आशीर्वाद द्यावा आणि सांभाळावं असा. मिस्साच्या शेवटी हा आशीर्वाद ल्यूथरने आणला. इथे पण दिशा बघा, शेवटचा शब्द देवाचा असतो आणि तो देणारा असतो. त्यानंतर ऑर्गन वाजतो तेव्हा इथले बरेच जण परत बसून पूर्ण ऐकतात, तुम्हीही बसा. मग दाराशी पाळक हात मिळवतात, तिथे सांगा पहिल्यांदा आलोय, आणि कॉफी असेल तर थांबाच, जर्मन लोक चर्चच्या कॉफीवर जेवढं बोलतात तेवढं ऑफिसमध्ये वर्षभरात बोलत नाहीत.

प्रत्येक ठिकाणी क्रम थोडा वेगळा दिसेल, त्याने गोंधळू नका. १५३० च्या लुथरनांच्या आउग्सबुर्ग विश्वासनाम्यात सातव्या कलमातच म्हटलंय की शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) यावर एकमत पुरे, माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. आणि म्हणूनच भारतात आल्यावर या उपासनेने भारतीय सूर घेतला. ९ जुलै १७०६ ला त्सिगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले जर्मन लुथरन. त्याच मिशनमधून आलेला श्वार्त्झ पुढे तंजावरला गेला, आणि तंजावरच्या आपल्या मराठी गादीचे सरफोजी राजे त्याच्या देखरेखीखाली वाढले. श्वार्त्झ १७९८ मध्ये वारला तेव्हा सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्लिश शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे, सरफोजी श्वार्त्झच्या मृत्युशय्येशेजारी उभे आहेत असं. श्वार्त्झचाच दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री, त्याने कर्नाटकी रागांत तमिळ ख्रिस्ती पदं रचली, ती तिकडच्या मंडळ्यांत आजही गातात.

महाराष्ट्रात आपल्या मराठी मंडळ्या बहुतेक दुसऱ्या परंपरांतल्या, त्यामुळे लुथरन उपासना बघायची तर थोडा प्रवास आहे. नागपूरकरांना जवळ छिंदवाडा, मध्य प्रदेशातल्या लुथरन चर्चचं मुख्यालय तिथे आहे, स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभं राहिलेलं. रांचीला गॉस्नर मिशनचे लोक १८४५ मध्ये आले, त्यांचं १८५५ चं क्राइस्ट चर्च शहराच्या मध्यात आहे. दोन्हीकडे हिंदीत उपासना होते, त्यामुळे मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना पहिल्याच रविवारी सोबत म्हणता येईल, फक्त वेळ आधी फोन करून विचारा.